वाट देणारी माणसं

१

माझं काम लोकांना चालायला लावायचं. विद्यापीठात आनुवंशिक आजारांच्या विभागात मी पीएच.डी. करत होते, आणि कोणी विचारलं तर एवढंच सांगायचे. पुढचं ऐकताना लोकांचे चेहरे पडायचे.

आमचा आजार तोल जाण्याचा. एकाच जनुकातली एकच चूक. तीन अक्षरं, अडखळत बोलणाऱ्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावा तशी, हवीत त्याहून जास्त वेळा लिहिली गेलेली. आई-वडिलांपैकी एकाकडून ती चूक आली तरी पुरे. चाळिशीच्या आगेमागे माणूस पाय फाकून चालायला लागतो. मग जीभ जड होते, मग खुर्ची, मग अंथरूण. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख.

आमच्याकडे अशी काही कुटुंबं नोंदलेली होती. त्यातल्या आजारी माणसांना दर थोड्या महिन्यांनी बोलवायचं, रक्त घ्यायचं आणि तळमजल्याच्या लांब कॉरिडॉरमधून चालवायचं. एका बाजूला बंद प्रयोगशाळांची दारं, दुसऱ्या बाजूला उंच खिडक्या. फरशीवर एक पांढरी पट्टी आखलेली, तिच्यावर ठरावीक अंतरावर खुणा. पट्टीच्या एका टोकाला रुग्ण, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यामागे मी. पावलांचा आवाज टिपायला फरशीला बारके माइक चिकटवलेले होते. "या, सावकाश या, घाई नाही," असं म्हणत मी त्यांना माझ्याकडे यायला सांगायचे. हळूहळू माझे कान इतके तयार झाले की डोळे मिटूनही कोण येतंय ते कळायचं. शिंपीकाकांची डावी चप्पल घासायची. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या टाच आधी आपटायच्या.

माझे बाबा याच आजाराने गेले. तेव्हा मी शाळेत होते. त्यांची चूक दादाकडे आली की माझ्याकडे, की दोघांकडे, की कोणाकडेच नाही, हे आम्ही कधी तपासलं नव्हतं. घरात तो विषय निघायचा नाही. मी त्याच आजारावर अभ्यास करते हे कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "दुसरं काही मिळालं नाही का गं तुला?"

२

एका दुपारी मी जुनी चित्रीकरणं बघत बसले होते. प्रत्येक पावलाचा कोन मोजायचा, इतकं कंटाळवाणं काम. शाळेतल्या बाई नेहमीसारख्या झोकांड्या खात येत होत्या. कॉरिडॉरच्या मध्यावर पोचायच्या जरा आधी त्यांनी डावा खांदा मागे घेतला, अंग जरा तिरकं केलं, एक पाऊल भिंतीच्या बाजूला टाकलं आणि मग पुन्हा पट्टीवर आल्या.

तोल गेला असेल, म्हणून मी पुढे गेले. मग शिंपीकाकांचं चित्रीकरण लावलं. त्यांनीही तिथेच खांदा वळवला.

मी त्या फेरीतली सगळी एकेक करून लावली. ही माणसं वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या दिवशी आलेली, एकमेकांना न ओळखणारी. प्रत्येकाने त्याच जागी अंग चोरलं होतं. अरुंद जिन्यात समोरून कोणी आलं की आपण करतो, अगदी तसं.

मला खटकलं ते वेगळंच. या आजारात पाय कधीच हवा तिथे पडत नाही. प्रत्येक पाऊल चुकतं, आणि दर वेळी वेगळं चुकतं. पण खांदा वळवलेलं ते एक पाऊल कोणाचंच चुकलं नव्हतं. तेवढ्यापुरता त्यांचा तोल तुमच्या-माझ्यासारखा होता.

३

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं बघितलं.

"फरशीला उतार असणार," त्या म्हणाल्या. "इमारत जुनी आहे. निरोगी लोकांना जाणवणार नाही, यांना जाणवत असेल."

गवंडी आला. त्याने पाणसळ लावून बघितली, गुडघ्यावर बसून फरशी ठोकली. "एक नंबर काम आहे मॅडम," तो म्हणाला. "माझ्या घरची फरशी इतकी सरळ नाही."

"मग खिडकीतलं ऊन," मॅडम म्हणाल्या.

आम्ही खिडक्यांना पडदे लावले. त्यानंतरच्या फेरीत शाळेतल्या बाई पुन्हा वळल्या. पण जागा बदलली होती. आता त्या मध्याच्या पुढे, माझ्या बाजूला आल्यावर वळल्या. आठवड्याभराने दुसरे एक रुग्ण आले, ते आणखी थोडे पुढे येऊन वळले.

मी जुन्यापासून नव्यापर्यंत सगळी चित्रीकरणं ओळीने लावली. अगदी सुरुवातीच्या महिन्यांत लोक पट्टीच्या पलीकडच्या टोकाशी वळत होते. मग जरा अलीकडे. मग मध्यावर. जे काही होतं ते पट्टीवरून माझ्या दिशेने येत होतं, फार हळू.

"ही तुझी कल्पना आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "घरातला आजार आणि प्रबंधातला आजार एकच असला की असं होतं. थोडी सुट्टी घे."

त्यांचं खरं ठरावं असंच मलाही वाटत होतं. ती माझी कल्पना असती तर मी सुखाने झोपले असते. म्हणून मी चित्र बंद करून फक्त आवाज ऐकला. रुग्णाची पावलं वजा केली, माझी खुर्ची करकरते ती वजा केली, बाहेरची गाडी वजा केली. तरी खाली काहीतरी उरत होतं. जुन्या चित्रीकरणात ते नुसतं घासणं होतं, पोतं ओढल्यासारखं. नव्यांमध्ये त्यात लय आली होती. टाच आणि बोटं वेगळी ऐकू येत होती.

ही माणसं महिन्यागणिक चालणं विसरत होती. आणि ते दुसरं काहीतरी शिकत होतं. मला असं वाटलं खरं. पण वाटल्याबरोबर मी हेडफोन काढून ठेवले आणि खाली चहाला गेले.

४

शिंपीकाका मला आवडायचे. हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद करावं लागलं, तरी माणूस हसरा. जीभ जड झाली होती, पण टोमणे चालूच. "तुझ्या त्या कुर्त्याचा गळा कोणी कापला?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "त्याला पोलिसात द्यायला पाहिजे."

त्या दिवशी ते माझ्या खुर्चीच्या बरेच जवळ येऊन वळले. मी चित्रीकरण चालूच ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आत्ता इथे बाजूला का झालात?"

"कुठे?"

"इथे. ह्या खुणेपाशी."

त्यांनी मागे वळून फरशीकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. काहीतरी आठवतंय, पण कशाबद्दल ते कळत नाही, असे डोळे.

"जाऊ दे," ते म्हणाले.

"नाही, सांगा ना. मला कामासाठी हवंय."

"अगं, जाऊ दे म्हटलं ना." आणि त्यांनी मला, बसलेल्या मला, दंडाला धरून हलकेच खुर्चीसकट बाजूला ओढलं. हाताला कंप नव्हता.

मग ते पुन्हा हसले आणि विचारलं, "मी काय म्हणत होतो?"

५

रविवारी मी आईकडे गेले. ती कपड्यांना इस्त्री करत होती. मी खूप आडवळणाने विचारलं, बाबा आजारी असताना कसे चालायचे, तुला आठवतं का?

"आठवायला काय झालं? सगळं घर त्यांच्या पावलांवरच तर चालायचं." तिने इस्त्री उभी ठेवली. "भिंतीला धरून यायचे. मधेच थांबायचे. पाठ भिंतीला लावून अस्से उभे राहायचे, शाळेत शिक्षा केलेल्या मुलासारखे. मी म्हणायचे, अहो, थांबलात का, चला की, दूध उतू जातंय. तर म्हणायचे, जाऊ दे."

"दुधाबद्दल?"

"दुधाबद्दलच की. आणखी कशाबद्दल?" तिने इस्त्री उचलली, त्याच शर्टावर पुन्हा फिरवली. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा म्हणाले, 'त्याला जाऊ दे.' मला वाटलं, जीभ अडकली."

तेवढ्यात दादा आणि वहिनी आले. दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आल्या आल्या त्याने माझी वेणी ओढली आणि म्हणाला, "काय प्रोफेसरीणबाई, आमच्यासाठी काही औषध शोधलंत की नुसतेच पगारी सिनेमे काढताय?"

वहिनीला दिवस गेले होते. तेच सांगायला दोघं आले होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गडबडीत दादा मला बाल्कनीत घेऊन गेला.

"तपासणी करायचीय," तो म्हणाला. "इतके दिवस माझं एकट्याचं होतं, चाललं. आता नाही चालणार."

"मीही करते," मी म्हणाले. "दोघं बरोबर करू."

"भ्यायलीस?"

"तू?"

"मी लिफ्टच्या टपावर उभा राहून डबा खातो," दादा म्हणाला. "पण हो."

६

समुपदेशकांनी आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. मला आधी. माझ्याकडे ती चूक नव्हती. त्यांनी ते दोनदा सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या दादाकडे बघितलं, आणि त्याला माझ्या चेहऱ्यावरून माझं कळलं. तो खरंच मनापासून हसला. मग तो आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याने हात खिशात घातले होते. "बाबांपेक्षा लवकर सुरू होईल म्हणतात," तो म्हणाला. वडिलांकडून आलं की हा आजार पुढच्या पिढीत लवकर उगवतो, हे मीच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे.

"एक काम कर," दादा म्हणाला. "आत्ता माझी चाल ठीक आहे. तेवढी भरून ठेव तुझ्या त्या कॅमेऱ्यात. पुढे पोराला दाखवायला होईल, बाप असा चालायचा म्हणून."

मी नको म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार होते?

कॉरिडॉर रिकामा होता. दुपारचं ऊन पडद्यांतून गाळून येत होतं. दादा पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला, पठ्ठ्याने केस नीट केले आणि चालायला लागला. त्याची चाल मी लाखांत ओळखेन. वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर अवजारांची पिशवी वाहिल्यामुळे उजवी टाच जरा जड पडायची आणि त्यानंतर डावं पाऊल लगबगीने यायचं, उशीर झाल्यासारखं. धप्-टप, धप्-टप. तो मध्यावर आला आणि सरळ पुढे आला. शिंपीकाका वळले होते ती खूणही ओलांडली. मी श्वास सोडला.

माझ्यापासून हातभर अंतरावर दादाने खांदा मागे घेतला. भिंतीला पाठ लावली आणि एक क्षणभर तसाच थांबला. त्याची नजर माझ्यावर नव्हती. कोणी जवळून जात असताना आपण बघतो तशी ती माझ्या बाजूने सरकत सरकत माझ्या मागच्या दाराकडे गेली.

माझ्या मानेवर काही वारा-बिरा लागला नाही. काहीही झालं नाही. फक्त दार हललं, आणि ते दार नीट लागत नाही अशी तक्रार मी आधीही केलेली होती.

"झालं?" दादाने विचारलं. "चांगला आलो ना?"

त्या दिवसानंतर आमच्या कॉरिडॉरमध्ये कोणीच वळलं नाही. शाळेतल्या बाई, शिंपीकाका, सगळे वेडेवाकडे पण पट्टीवरून येऊ लागले. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, आकडेवारी वाढली की असल्या गोष्टी विरून जातात."

मी हो म्हणाले. ते तिथून गेलं होतं, एवढं मला दिसत होतं. कोणाबरोबर गेलं तेही.

७

मुलगी झाली. तिच्या बारशाच्या गडबडीत दादा पहिल्यांदा उंबऱ्याला अडखळला. सगळे हसले, तोही हसला. पण वर्षभरात त्याची चाल गेली. इतकं भराभर मी कोणाचंच बघितलं नव्हतं. लिफ्टचं काम सुटलं, मग जिना सुटला. त्याच्या घरात पुढच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत एक लांब पॅसेज होता. त्या भिंतीला वहिनीने लोखंडी दांडा बसवून घेतला. दादा तो धरून जायचा आणि मधेच पाठ टेकून थांबायचा. मी तिथे असले की दुसरीकडे बघायचे.

त्या दिवशी भर दुपार होती. आई चटईवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. वहिनी मोरीत भांडी घासत होती. छोटी आतल्या खोलीत झोपली होती. ती नुकती धरून उभी राहायला लागली होती, आता कोणत्याही दिवशी पाऊल टाकेल असं सगळे म्हणत होते. दादा आतल्या खोलीच्या दाराशी खुर्चीत पेंगत होता. मी पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून टॉवेल झटकत होते.

जिन्यावर पावलं वाजली. धप्-टप, धप्-टप.

"आलात? आज लवकर?" वहिनीने मोरीतून विचारलं, जुन्या सवयीने. मग भांड्यांचा आवाज थांबला. ओल्या हातांनी ती बाहेर आली आणि खुर्चीतल्या दादाकडे बघत राहिली.

कडी वाजली नाही. पावलं आत आली.

आई उठली. घडी केलेले कपडे छातीशी धरून ती भिंतीला चिकटली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात मागे सरली. त्यांच्या रक्तात आमचा आजार नव्हता, माझ्याही नव्हता. तरी माझा डावा खांदा आपोआप मागे गेला. मी तो मागे घेतला नाही. तो गेला.

मी मान खाली घातली होती, म्हणून मला फक्त पावलं दिसली. टाच, मग तळवा, मग बोटं. घोट्याच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. बघता आलं असतं. इतकी वर्षं मी माणसांची चाल मोजत आले, निरोगी माणसांचीही. इतकी निर्दोष चाल मी कधी बघितली नव्हती. त्यात बाबा होते. चप्पल घासायला लागण्याआधीचे शिंपीकाका होते. दादा तर सगळाच होता.

पावलं माझ्यासमोरून आतल्या खोलीकडे गेली.

आणि दादा उठला. कित्येक महिने कोणी धरल्याशिवाय न उठणारा माणूस खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभा राहिला, वळला आणि दोन्ही हातांनी चौकट धरून दारात आडवा उभा राहिला. पाय लटपटत होते. त्याच्या मागे छोटीचा पाळणा होता.

"दादा, बाजूला हो," मी म्हणाले. माझाच आवाज होता. मला तसं म्हणायचं नव्हतं.

"नाही," दादा म्हणाला. शब्द स्वच्छ आला. "इथून नाही."

पावलं थांबली. दादा त्याच्याकडे बघत होता. वर नाही, खाली नाही, आरशात बघावं तसा सरळ. त्याच्या गळ्याची शीर फुगली होती. कोणीतरी समोरून रेटावं तशी त्याची बोटं चौकटीवरून एकेक करून सुटत होती आणि तो ती पुन्हा रोवत होता. आत छोटी जागी झाली आणि रडायला लागली. त्या रडण्यात मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. पावलं माघारी गेली का, तेही नाही. दादाचे गुडघे वाकले तेव्हा आई आणि मी एकदमच धावलो. आमच्या वाटेत काही नव्हतं.

८

दादा त्यानंतर उभा राहिला नाही. बोललाही नाही. "या आजारात कधी कधी अशी एकदम घसरण होते," डॉक्टर म्हणाले, आणि तसं होतं हे मलाही माहीत आहे. त्याचे डोळे मात्र जागे असतात. त्याचं अंथरूण आम्ही आतल्या खोलीच्या दाराशीच घातलंय. दुसरीकडे हलवलं की तो घशातून आवाज काढत राहतो.

आई त्या दुपारबद्दल बोलत नाही. वहिनी एकदाच म्हणाली, "मला वाटलं, हेच आले." मी प्रबंध पूर्ण केला. त्यात ती वळणारी पावलं नाहीत.

छोटी आता चालते, पळते. तिची तपासणी ती मोठी होईपर्यंत करायची नाही असा नियम आहे. वहिनीला तो मीच समजावून सांगितला. चालते ती नेहमी वाटेच्या मधोमध. दुकानात, जिन्यात, समोरून कोणीही आलं तरी हलत नाही. लोक म्हणतात, वळण नाही पोरीला. वहिनी ओशाळते, तिला दटावते. मी वहिनीला म्हणते, असू दे, नको शिकवूस.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे होते. छोटी दादाला खेळणं दाखवायला पॅसेजमधून निघाली आणि मधेच थांबली. बाजूला झाली नाही. दोन्ही पाय घट्ट रोवून, हातातलं खेळणं पोटाशी धरून ती उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. कोणी मोठं माणूस असतं तर तिने मान वर केली असती. ती समोर बघत होती, आपल्याच उंचीवर, भुवया आवळून.

पलीकडे अंथरुणावरून दादा तिच्याकडे टक लावून होता.

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक ऐकली की मूल मागे वळतं. आणि वळलं की वाट मोकळी होते.